खेळात घरचं काढायचं नाही

रेइनो कांगासच्या कम्प्युटरवर ती नोटीस आली तेव्हा तो पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजलेली मोठी करंजी, खात होता. डाव्या हातात पेस्टी, उजव्या हातात माऊस, ही त्याची रोजची पद्धत. त्यामुळे पडद्यावर काहीही उगवलं की वाचायच्या आधीच ते बंद करायची त्याला सवय होती. ही नोटीस मात्र बंद होईना. मधोमध ठाण मांडून बसली. शेवटी त्याने चष्मा पुसला आणि वाचली.

'सात बेटं' या खेळाच्या कंपनीचं म्हणणं असं होतं, की एक मार्चपासून हा खेळ जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणार नाही. आपली सिस्टिम जुनी आहे. कृपया नवी घ्यावी. इतकी वर्षं सोबत राहिल्याबद्दल आभार.

"आभार मानतायत," रेइनो स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला. "हाताला धरून घराबाहेर काढतायत, आणि वर आभार!"

"कोण?" त्याच्या बायकोने, बर्नडीनने, आतूनच विचारलं.

"खेळवाले. म्हणे माझा कम्प्युटर म्हातारा झाला."

"झालाच आहे. तो सुरू होईपर्यंत माझी भांडी घासून होतात."

"पण होतो ना सुरू?"

यावर बर्नडीन गप्प बसली. 'चालतंय ना? मग कशाला काढायचं?' हे रेइनोचं तत्त्व होतं आणि त्या घरात त्या तत्त्वाबरोबर राहायचं म्हणजे गप्प बसणं आलंच. त्याचा ट्रक दार दोरीने बांधून चालत होता. त्याची वरची कवळी त्याने स्वतः दोनदा चिकटवली होती. उभा जन्म त्याने सरकारी नांगराने रस्त्यावरचा बर्फ काढला आणि निवृत्त झाला त्या दिवशी नांगराकडे बघून म्हणाला, की हा अजून वीस वर्षं चालेल. स्वतःबद्दल काही म्हणाला नाही.

पण या तत्त्वामागे जे होतं ते सांगायला हवं, नाहीतर तो नुसता हेकट म्हातारा वाटेल. हेकट तो होताच, पण नुसता नव्हता.

रेइनोला एक धाकटा भाऊ होता, आर्वो. दोघंही आमच्या काल्लिओतच, लेक सुपीरियर या मोठ्या सरोवराच्या काठाला, गावाच्या दोन टोकांना. आणि दोघांच्या सामाईक मालकीचा एक कॅम्प होता. आमच्याकडे कॅम्प म्हणजे तंबू नव्हे, रानातलं लाकडी खोपटं. तिथे बापाने बांधलेला सौना होता आणि सौन्यात बापाने बोटीच्या जुन्या पत्र्याची जोडलेली लाकडाची शेगडी. दर शनिवारी दोघं भाऊ ती पेटवायचे, दगड तापवायचे, वर पाणी मारून वाफेत बसायचे आणि तासभर एक अक्षर बोलायचे नाहीत. याला आमच्याकडे माया म्हणतात.

मग रेइनोच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. इस्पितळातून परत आल्यावर पहिल्या शनिवारी तो कॅम्पवर गेला, सौन्याचं दार उघडलं, आणि समोर बघतो तर विजेची शेगडी. पांढरीशुभ्र. भिंतीवर बटण.

आता बघा, आमच्या गावात लोक नवरा सोडतात, चर्च बदलतात, एखादा तर सबंध हिवाळा फ्लोरिडात जाऊन काढतो. चार दिवस बोलणं होतं, मग विसरतात. पण बापाच्या हातची शेगडी काढून बटणाची बसवायची? हे असलं कुणी केलेलं नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण असं झालंच नाही. रेइनो म्हणाला, "चालत होती." आर्वो म्हणाला, "तडा गेला होता." संपलं. दोन वाक्यांचं भांडण आणि त्यावर नऊ वर्षांचा अबोला. दुकानात समोरासमोर आले तर एक जण पावाच्या फळीकडे वळायचा आणि दुसरा खिळ्यांच्या.

आणि हे दोघं रोज संध्याकाळी जेवणं झाली की एकत्र खेळायला बसायचे.

त्याचं असं झालं होतं, की 'सात बेटं' त्यांनी शेगडीच्या आधीच्या हिवाळ्यात सुरू केला होता. पाच जणांची टोळी. एक आर्वो, एक रेइनो, टेक्ससमध्ये धुलाईकेंद्र चालवणारी ओफेलिया, आणि आणखी दोघं, जे फारसं बोलायचे नाहीत. आर्वो ढालवाला. 'कॅप्टन' नावाचा दाढीवाला गडी, सगळ्यांच्या पुढे उभा राहून राक्षसांचा मार खायचा. रेइनो वैदू. मागे उभं राहायचं आणि कॅप्टनच्या जखमा मंत्राने भरून काढायच्या. हा वैदू म्हणजे हिल्डा नावाची लठ्ठशी बाई होती. पहिल्याच दिवशी रेइनोने चुकीच्या चित्रावर बोट दाबलं होतं, आणि नंतर म्हणाला, चालतेय ना? मग राहू दे.

शेगडीनंतर दोघांपैकी कुणीतरी टोळी सोडायला हवी होती. पण कुणी? रेइनोचं म्हणणं, चूक त्याची, त्याने जावं. आर्वोचं म्हणणं काय होतं ते कळायला मार्ग नव्हता. शिवाय पाचातला एक गेला तर उरलेल्या चौघांचा खेळ बुडतो, आणि दुसऱ्याचा खेळ बुडवणं आमच्याकडे सभ्यपणाचं समजत नाहीत. म्हणून दोघंही राहिले. कधी ठरवलं नाही, पण एक नियम आपोआप पडून गेला. खेळात घरचं काढायचं नाही. कॅप्टनने हिल्डाला लिहायचं ते 'डावीकडे', 'थांब', 'आता'. हिल्डाने कॅप्टनला लिहायचं ते 'हं'. शेवटी कॅप्टन लिहायचा, 'बरं. निघतो.' त्यावर हिल्डा लिहायची, 'हं.' नऊ वर्षं एवढ्यावर निभावलं. सख्ख्या भावाचं तोंड बघायचं नाही, पण रोज संध्याकाळी त्याला वीसदा मरणाच्या दारातून ओढून आणायचं, असा हा संसार होता. यात काही विचित्र आहे असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

टोळीतल्या बाकीच्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. सांगायचं म्हणजे घरचं काढणं झालं असतं.

तर नोटीस आली. रेइनोपुढे सरळ दोन वाटा होत्या. नवा कम्प्युटर घ्यायचा, नाहीतर खेळ सोडायचा. पण नवा घेणं म्हणजे काय, हे त्याला चांगलंच कळत होतं. चालता कम्प्युटर काढायचा आणि त्या जागी नवा बसवायचा. मग नऊ वर्षं चर्चच्या तळघरात, हार्डवेअरच्या दुकानातल्या कॉफीच्या कट्ट्यावर, पोस्टात, जिथे माणूस भेटेल तिथे जे ऐकवलं त्याचं काय? गावाला आयतं कोलीत मिळालं असतं. आर्वोच्या कानावर गेलं असतं ते वेगळंच.

कट्ट्यावर बातमी पोचलीच. बर्नडीनचं काम.

"काय रेइनो, नवीन घेणार म्हणे?" एकाने कॉफीत साखर ढवळत विचारलं.

"कोण म्हणतं?"

"घे, घे. बटणाचा घे."

सगळे कपात बघत राहिले. आमच्याकडे हसायची हीच रीत.

रेइनोने कंपनीला पत्र टाकलं. माझा कम्प्युटर उत्तम चालतो, तेव्हा मला यातून वगळावं. टॅमी नावाच्या बाईचं गोड उत्तर आलं, की आपली भावना आम्ही समजतो, कृपया नवी सिस्टिम घ्यावी. रेइनोने पुन्हा लिहिलं. या वेळी मुद्दा नीट कळावा म्हणून त्याने शेगडीचं सगळं प्रकरण पहिल्यापासून लिहून काढलं. बोटीचा पत्रा, बाप, इस्पितळ, पांढरीशुभ्र, बटण. दोन बोटांनी टाइप करायला त्याला दुपार लागली. टॅमीचं उत्तर आलं, की हे वाचून वाईट वाटलं. आपली अडचण सुटली का? एक ते पाच ताऱ्यांमध्ये सांगा. रेइनोने दोन तारे दिले. एक देणार होता, पण बाईला वाईट वाटलं होतं.

"अरे, घेऊन टाक की एकदाचा," बर्नडीन म्हणाली. "कोण बघायला बसलंय?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

"सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही तुझा. रेइनो, खरं सांगू? तुला खेळ नकोय. तुला आर्वो हवाय. मार्चपासून आर्वो मिळणार नाही म्हणून तुझ्या पोटात खड्डा पडलाय, आणि तू मला तत्त्व सांगतोयस."

रेइनोने ताटलीतला शेवटचा बटाटा बराच वेळ इकडून तिकडे ढकलला.

"सूप आहे का अजून?" तो म्हणाला.

पण बायकोचं बोलणं खरं होतं आणि त्यालाही ते ठाऊक होतं. त्याला भीती वाटत होती. एक मार्चनंतर हिल्डा नसेल, म्हणजे 'डावीकडे' नसेल, 'थांब' नसेल, 'बरं, निघतो' नसेल. भाऊ गावाच्या पलीकडच्या टोकाला असेल आणि आपल्याला तो जिवंत आहे की नाही हे कळेल ते थेट चर्चच्या सूचनाफलकावर. आर्वोला मात्र काही अडचण नव्हती, असं रेइनोने धरून चाललं होतं. ज्याने शेगडी शिल्लक ठेवली नाही तो कम्प्युटर कशाला ठेवील? त्याच्याकडे नवाकोरा असणार. ओफेलिया दुसरा वैदू शोधेल आणि कॅप्टन त्याला 'डावीकडे' लिहील. हा विचार आला की रेइनोला जेवण जात नसे.

विचारून टाकावं, असंही त्याच्या मनात आलं. तुझा कम्प्युटर कोणता? एवढंच तर विचारायचं. पण कम्प्युटर हा खेळातला विषय की घरातला? दोन संध्याकाळी त्याने यावर डोकं घातलं. कम्प्युटर घरात असतो. म्हणजे विषय घरचा. त्याने विचारलं नाही.

त्यात कॅप्टनचं खेळणं. गेल्या हिवाळ्यापासून हा माणूस भलताच मरायला लागला होता. पूर्वी ढाल अशी धरायचा की हिल्डाला मागे विणकाम करायला सवड मिळावी. आता समोरून खेकडा येतोय, साधा खेकडा, आणि हा उभा तो उभाच. वळायचं तिथे वळत नाही, वळला तर गरगर फिरून पाण्यात पडतो. हिल्डाची मंत्र म्हणून म्हणून दमछाक व्हायची. रेइनो वैतागायचा. 'हं'च्या पलीकडचे शब्द हिल्डाने याच वर्षात लिहिले. 'झोपलास का?' 'ढाल आहे ती, ताट नाही.' एकदा तर 'आंधळा झालास की काय?' कॅप्टन उत्तर द्यायचा नाही. पुन्हा उठायचा, पुन्हा पुढे जाऊन उभा राहायचा, पुन्हा मार खायचा.

"त्याचं लक्षच नाही," रेइनो बर्नडीनला सांगायचा. "माजलाय."

फेब्रुवारीची शेवटची संध्याकाळ आली. बाहेर बर्फ असा लागला होता की अंगणातला ट्रक दिसत नव्हता. टोळीने सहाव्या बेटावरच्या हिमसर्पावर चाल केली. कॅप्टन नेहमीपेक्षा जास्त मेला. शेवटी एकदाचा साप पडला, तोही बाकीच्यांच्या जिवावर. लुटीची वाटणी झाली. मग दोन्ही म्हातारे बेटाच्या काठाला नुसते उभे राहिले. खेळात काही करायचं उरलं नव्हतं आणि कुणी निघत नव्हतं.

रेइनोने लिहायला घेतलं. 'उद्यापासून मी' एवढं लिहिलं आणि खोडलं. 'माझा कम्प्युटर' लिहिलं आणि खोडलं. घरचं काढायचं नाही.

'बरं,' कॅप्टनने लिहिलं. 'निघतो.'

'हं,' हिल्डाने लिहिलं.

दाढीवाला गडी क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग पुसला गेला.  रेइनोने उठून जिन्याखालची घर तापवायची भट्टी बघितली, जिला काहीही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ट्रकच्या दाराची दोरी सोडली, बर्नडीनला 'आलोच' म्हणाला आणि शेजारचं मोठं गाव सोडून त्याच्याही पलीकडच्या गावाला गेला, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. दुकानात काल्लिओच्या चर्चची ऑर्गन वाजवणारी बाई होती.

"कम्प्युटर?" ती म्हणाली.

"पुतणीसाठी," रेइनो म्हणाला.

नऊ वर्षं उराशी धरलेलं तत्त्व त्याने खोक्यात घालून, वर चादर टाकून घरी आणलं. बर्नडीन काही बोलली नाही. तिने टेबल पुसून दिलं. उभ्या संसारात तिने त्याच्यावर एवढी दया कधी केली नव्हती.

संध्याकाळी जेवणाआधीच हिल्डा सहाव्या बेटाच्या काठावर येऊन उभी राहिली. नव्या पडद्यावर समुद्र इतका निळा दिसत होता की रेइनोला तो खोटाच वाटला. ओफेलिया आली, ते दोघं न बोलणारे आले. कॅप्टन आला नाही. रेइनो थांबला. जेवायला उठला नाही, बर्नडीनने पेस्टी टेबलावर आणून दिली ती गार झाली. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. तिसऱ्या संध्याकाळी कॅप्टनच्या जागी ढाल घेऊन एक अनोळखी तरणाताठा गडी उभा होता.

'हा कोण?' हिल्डाने लिहिलं.

'नवा ढालवाला,' ओफेलियाने लिहिलं. 'तुला सांगायचंच राहिलं. कॅप्टनने खेळ सोडला. म्हणाला, कम्प्युटर जुना आहे, आता चालणार नाही. जाण्याआधी मला शपथ घातली, की आपली वैदू फार चांगली आहे, वर्षभर तिला माझ्यापायी खूप सोसावं लागलं. तिला धड माणूस शोधून दे.'

रेइनोने ते वाचलं. पुन्हा वाचलं. आणि मग त्याचं डोकं असं फिरलं म्हणता! कम्प्युटर जुना? आर्वोचा? ज्याने बापाची शेगडी तडा गेला म्हणून उखडली, तो इतकी वर्षं जुना डबा वापरत होता? आणि तो बंद पडला तर नवा घेववत नाही? आपण तत्त्व मोडलं, ऑर्गनवाल्या बाईसमोर खोटं बोललो, आणि हा घरी ढिम्म बसलाय!

"कुठे निघालास?" बर्नडीनने विचारलं.

"त्याला जाब विचारायला," रेइनो टोपी कानावर ओढत म्हणाला. "एकदाचा सोक्षमोक्ष लावतो."

"लाव," बर्नडीन म्हणाली. "हा पाव घेऊन जा. एल्माला आवडतो."

तर वेलदोड्याचा पाव काखेत मारून रेइनो सोक्षमोक्ष लावायला गेला. पुढच्या दाराने आमच्याकडे फक्त पाद्री आणि पोलीस येतात, म्हणून तो मागे स्वयंपाकघराच्या दाराला गेला आणि बूट आपटले. आर्वोच्या बायकोने, एल्माने, दार उघडलं. तिने त्याच्याकडे बघितलं, पावाकडे बघितलं.

"बूट काढ," ती म्हणाली. "आताच पुसलंय."

जसं काही काल येऊन गेला होता.

आर्वो टेबलाशी बसला होता. बारीक झाला होता. रेइनोला वाटलं होतं त्यापेक्षा बराच म्हातारा दिसत होता. दोन्ही हात टेबलाखाली मांडीवर.

"काय," आर्वो म्हणाला.

"काय," रेइनो म्हणाला, आणि मग एकदम तोंड सुटलं. "काय म्हणजे? लाज वाटत नाही तुला? धडधाकट शेगडी काढताना हात कापला नाही, आणि तो कम्प्युटरचा डबा मात्र उराशी धरून बसलायस! नवा घ्यायला काय धाड भरली होती?"

"शेगडी धडधाकट नव्हती. तडा गेला होता."

"तडा बाबांच्या वेळेपासूनचा होता!"

"वाढला होता."

"चालत होती!"

"चालत होती," आर्वो म्हणाला. "आणि तू छातीला टाके घेऊन लाकडं फोडायला गेला असतास. कुणाचं ऐकलं असतंस?"

रेइनोने तोंड उघडलं, आणि ऐकलं नसतं हे लक्षात आल्यामुळे मिटलं. हे उत्तर त्याला कुणी आधी दिलं नव्हतं. त्यानेही कधी मागितलं नव्हतं.

"शेगडीचं सोड," तो म्हणाला. "कम्प्युटरचं बोल."

"नवा आहे की. तो बघ," आर्वोने हनुवटीने कोपऱ्याकडे दाखवलं. "पोरीने मिलवॉकीहून पाठवलाय. कधीचा."

कोपऱ्यात खोकं होतं. चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती.

"मग उघडला का नाहीस?"

"कंटाळा आला खेळाचा."

"खोटं."

 एल्माने रेइनोपुढे काठोकाठ कॉफी ठेवली. आर्वोपुढे ठेवली ती अर्धा कपच, आणि तोही जाड बुडाचा, लहान मुलाला देतात तसा. आर्वोने कपाकडे बघितलं, भावाकडे बघितलं, आणि इलाज नाही म्हटल्यावर हात टेबलावर काढले. दोन्ही हातांनी कप धरला. तरी कॉफी उडाली. कप ओठाला लागेपर्यंत अर्ध्यातली अर्धी टेबलावर सांडली होती. एल्माने फडका आधीच हातात धरला होता.

रेइनो बघत राहिला. खेकडा समोरून येतोय आणि हा उभा तो उभाच. गरगर फिरून पाण्यात पडतोय. ढाल आहे ती, ताट नाही. झोपलास का? आंधळा झालास की काय? एकेक शब्द त्याने दोन बोटांनी, सावकाश, अक्षर शोधून शोधून लिहिला होता. त्याला इतकी शरम वाटली की कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं.

"केव्हापासून?" त्याने विचारलं.

"गेल्या हिवाळ्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"कुठे बोलू?" आर्वो म्हणाला. "दुकानात तू खिळ्यांकडे वळतोस. आणि खेळात घरचं काढायचं नाही."

एल्मा फडका पिळायला मोरीशी गेली. तिथेच थोडा वेळ पाठ करून उभी राहिली.

"मशीन जुनी झाली म्हणून सोडलं, हे ऐकायला बरं वाटतं," आर्वो म्हणाला. "ती नोटीस आली तेव्हा, खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. म्हटलं, आपल्याला काही सांगावंच लागणार नाही. तूही जुनाच धरून बसणार, तुझंही बंद होईल, दोघांचं एकदम संपेल. कुणाचा बोभाटा नाही. घेतलासच तर असावं म्हणून ओफेलियाला सांगून ठेवलं, पण तू खरंच नवा घेशील असं स्वप्नातही आलं नव्हतं."

"मलाही नव्हतं आलं," रेइनो म्हणाला.

मग तो उठला, खिशातून चाकू काढला आणि खोक्याची चिकटपट्टी कापली.

"अरे, कशाला," आर्वो म्हणाला. "मला काही जमायचं नाही आता. माऊस असा पळतो हातातून."

"तुला कोण खेळ म्हणतंय? सरक तिकडे. खुर्ची घेऊ दे मला."

सगळ्या तारा लागेपर्यंत आणि पासवर्ड आठवेपर्यंत एल्माने पाव कापून दोनदा कॉफी केली. शेवटी पडद्यावर तो निळा समुद्र आला, आणि काठावर दाढीवाला कॅप्टन. माऊस रेइनोच्या हातात. नऊ वर्षं त्याने या गड्याची फक्त पाठ बघितली होती. पुढे उभं राहिलं की समोरून काय काय अंगावर येतं, ते तो पहिल्यांदाच बघत होता.

"डावीकडे," आर्वो शेजारी बसून म्हणाला. "डावीकडे म्हणतोय ना! अरे, ढाल वर घे. वर! आता थांब. थांब. आता!"

खेकड्याने कॅप्टनला उचलून पाण्यात भिरकावलं.

"बाप रे," रेइनो म्हणाला. "तू हे रोज करत होतास?"

"आणि मागून शिव्या खात होतो."

तेवढ्यात ओफेलियाने लिहिलं. 'कॅप्टन! परत आलास! बरा आहेस ना? पण असा काय चालतोयस आज? आणि वैदू कुठेय? गेले तीन दिवस काठावर उभी राहून तुझी वाट बघत होती, आणि आता ऐन वेळी गायब.'

रेइनोचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. त्याने आर्वोकडे बघितलं नाही. आर्वोही पडद्याकडेच बघत होता. 

"काय लिहू?" रेइनोने विचारलं.

"लिही," आर्वो म्हणाला. त्याने घसा खाकरला. "लिही, वैदू इथेच आहे. माझ्या घरी. तो माझा थोरला भाऊ आहे, आजपासून हात त्याचे."

रेइनोला अक्षरं सापडेनात. चष्मा पुसूनही सापडेनात. पण आर्वोला घाई नव्हती. एकेक अक्षर त्याने बोट दाखवून सांगितलं, बोट हलत होतं तरी रेइनोला ते बरोबर कळलं, आणि वाक्य पुरं झाल्यावर दोघांनी ते एकदा वाचून मग पाठवलं.